ओंजळीतील मत्स्य आणि भीमामाईचे दफ्तर

आषाढाचे मेघ सह्याद्रीच्या माथ्यावर ओथंबू लागले आणि देहू-आळंदीहून पालख्यांनी प्रस्थान ठेवले, की आमच्या बारामती-इंदापूरकडील घरांतून एक निराळीच लगबग सुरू होते. तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसर, बेलवडी, निमगाव केतकी, इंदापूर असे टप्पे घेत सराटीस येते. तेथे नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घडते आणि मग सोहळा अकलूजच्या वाटेला लागतो. त्या स्नानाच्या वेळी काठावर उसळणारा जनसागर, टाळमृदंगांचा गजर, पताकांची दाटी यांचे वर्णन आजवर अनेकांनी केले आहे. आमची दृष्टी मात्र गेली कित्येक वर्षे त्या गर्दीत एका मनुष्याकडे जाते. कमरेइतक्या पाण्यात, पाठ पालखीकडे आणि तोंड प्रवाहाकडे करून तो उभा असतो. पाणी किती चढले, वाळू कोठे खचली, कोणी पोर हात सोडून पुढे तर गेले नाही, इकडे त्याचे सारे लक्ष. तो असतो भोई किंवा कोळी. सोहळा पुढे जातो. तो पुन्हा आपल्या जाळ्याकडे वळतो.

नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपुरात आमचे आयुष्य गेले. वाडवडिलांकडून कीर्तनाची वीणा आणि संस्कृताची चार पुस्तके एवढा वारसा आम्हांस लाभला. नदीचे माहात्म्य आम्ही शेकडो वेळा गायिले. प्रल्हादाने याच तीरी वाळूची नृसिंहमूर्ती घडविली ही स्थलकथा आम्ही पूर्वरंगात घोळवून घोळवून सांगतो. परंतु या नदीचा संसार कसा चालला, तिच्या उदरातील जीव कोणते, त्यांवर पोट भरणारी माणसे कोणती, त्यांनी नदीला कोणकोणती नावे दिली, या इतिहासाची पोथी आम्ही उशिरा उघडली. त्या उशिराची खंत आणि त्या पोथीची थोडी ओळख, एवढेच आजच्या लेखाचे प्रयोजन.

एकादशीच्या पानावर मासळीचा विषय कशास?

हा प्रश्न काही भाविक वाचकांच्या मनात उद्भवेल आणि तो योग्यच आहे. आमच्या घरातही मासळी शिजत नाही. पण थोडा विचार करावा. दशावतारांतील पहिला अवतार मत्स्याचा. ज्या व्यासांनी वेदांची विभागणी केली आणि भारताची रचना केली, त्यांची माता सत्यवती दाशराजाच्या घरी वाढली. ती नाव वल्हवीत होती. पंढरीत ज्याच्या भेटीकरिता परब्रह्म विटेवर उभे राहिले, त्या पुंडलिकाच्या भीमेच्या पात्रातील समाधिस्थानाची पूजाअर्चा कोळी समाजाकडे चालत आली आहे. बारामतीस कऱ्हेच्या काठी राहून कविवर्य मोरोपंतांनी (१७२९–१७९४) सारे भारत आर्यांत ओवले. त्यांच्या आर्यांवर आम्हां कीर्तनकारांचे आजही पोट चालते. त्या भारताचा आरंभ शोधू गेलो तर आपण एका कोळियाच्या नावेतच जाऊन बसतो. तेव्हा मासे खाणे वा न खाणे हा ज्याच्या त्याच्या आचाराचा भाग. मासे जाणणे हा मात्र आपल्या परंपरेबाहेरचा विषय नव्हे.

पळसदेवचा म्हातारा

२०१९ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. पळसदेवकडील एका सप्ताहात आमचे कीर्तन होते. निरूपणास मत्स्यावताराचे आख्यान घेतले होते. महाभारतातील वनपर्वात ती कथा आहे. वैवस्वत मनू चीरिणी नदीच्या तीरी तप करीत असता एक इवलासा मासा त्याच्याजवळ येतो आणि म्हणतो, 'राजा, मोठे मासे आम्हां लहानांना गिळून टाकतात. मला वाचव.' मनू त्याला उचलून पाण्याच्या भांड्यात ठेवतो. मासा वाढतो, मनू त्याला तळ्यात नेतो. तळे पुरेना, तेव्हा गंगेत; आणि गंगाही पुरेना, तेव्हा समुद्रात. पुढे प्रलय येतो आणि तोच मासा आपल्या शिंगाला मनूची नाव बांधून ती सुखरूप नेतो. कथा रंगली, आरती झाली, लोक पांगले.

तोच एक म्हातारा भोई काठी टेकीत आमच्यापुढे आला. नमस्कार करून म्हणाला, "बुवा, कथा ग्वाड सांगितली. पर एक राहिलं. घागरीतनं तळ्यात नेलं म्हनता, तर मनूनं तळ्याचं पानी आधी थोडंथोडं घागरीत घातलं असंल. येकदम तळ्यात सोडलं की पिल्लू मरतं."

आम्ही अवाक् झालो. या आख्यानावर आम्ही चाळीस वर्षे बोलत होतो. 'मत्स्य' शब्दाची व्युत्पत्ती सांगत होतो, मनूच्या नावेवर रूपके रचीत होतो. परंतु पाण्यापाण्यात भेद असतो, त्याची ऊब निराळी असते, आणि लहान जीवाला नव्या पाण्याची सवय हळूहळू करून द्यावी लागते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. मत्स्यबीज केंद्रांतून आणलेली बोटुकली तळ्यात सोडताना आजही हेच करतात. बोटुकलीची पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवतात, तळ्याचे पाणी तिच्यात थोडेथोडे घेतात, आणि मगच तोंड उघडतात. म्हाताऱ्याने हे शास्त्र बापाकडून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हांस आपल्या होडीत घेतले. त्या वर्षी उजनी 'वजा' झाली होती, म्हणजे उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात खोल उतरले होते. पळसनाथाचे जुने देवालय, त्याचे भूमिज धाटणीचे शिखर, पाण्याबाहेर येऊन उन्हात तळपत होते. गाळातून वाट काढीत आम्ही देवाचे दर्शन घेतले. परतताना म्हातारा वल्ह्याने पाण्याकडे बोट दाखवू लागला. येथे अमुक डोह होता. येथे खडकाच्या कपारीत वाम राही. येथे मरळ पिलांसह वर येई. येथे वैशाखात गुडघाभर पाणी, तेथून बैलगाड्या उतरत. आम्हांस चहूकडे एकसारखे पाणी दिसत होते. त्याला त्याच्या तळाशी पोरपणची नदी दिसत होती. एकेका डोहाचे नाव तो घेत होता. कोणाचे नाव झाडावरून, कोणाचे बुडालेल्या म्हशीवरून, कोणाचे बाळंतिणीवरून. वहीत आम्ही अकरा नावे टिपली. पुढे अंधारून आले. आम्ही म्हटले, "बाबा, उरलेली पुढल्या वर्षी घेऊ." तो हसला आणि म्हणाला, "या की. म्या कुठं जातो?"

लिहिलेल्या साधनांचा शोध

त्या दिवसापासून आम्ही लिखित साधने धुंडाळू लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवितो. कारण ही साधने कोणासही पाहता येण्याजोगी आहेत.

पहिले साधन संस्कृतातच सापडले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (राज्यकाल ११२६–११३८) याचा 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणी' हा ग्रंथ राजाच्या करमणुकींचा आणि व्यवहाराचा कोशच आहे. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांचे समुद्रातले व गोड्या पाण्यातले, खवल्यांचे व नुसत्या कातडीचे, मोठे, मध्यम व लहान असे वर्ग त्यात पाडले आहेत. आमिष कोणते लावावे, काठी-दोरी कशी असावी हेही सांगितले आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने हा ग्रंथ छापला, आणि प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर विवेचक लेख लिहिला. भीमेच्या खोऱ्यावर ज्या घराण्याची सत्ता होती, त्या घराण्यातील राजाला मासळीचे ज्ञान ग्रंथात नोंदण्याजोगे वाटले, ही गोष्ट आम्हां पंडितांनी मनन करण्यासारखी आहे. राजाला हे शिकविले कोणी असेल? ज्यांचे हात पाण्यात होते त्यांनीच.

दुसरे साधन याहून नवलाचे. विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनी सरकारचा एक लष्करी अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनच्या पाहणीवर होता. त्याने येथील नद्यांतील मासे जमविले, त्यांची वर्णने लिहिली आणि ती १८३९ च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात छापली. माशांना लॅटिन नावे देताना त्याने नदीकाठच्या मासेमारांच्या तोंडची नावेच उचलली. म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांना आज 'तोर खुद्री', 'कोलुस', 'नुक्ता', 'पोटेल', 'टाकरी', 'सिंघाला' ही नावे घ्यावी लागतात. ती सारी आपल्या नद्यांवरच्या मासेमारांची बोली. त्यांतील काही मासे त्याला भीमेकाठच्या 'पैरगावा'स, म्हणजे आपल्या पेडगावास, मिळाले होते. ज्या भोयाने तो मासा साहेबापुढे टाकून त्याचे नाव सांगितले, त्याचे स्वतःचे नाव कोठेच लिहिलेले नाही. त्याने उच्चारलेला शब्द मात्र साऱ्या जगाच्या ग्रंथांत बसला आहे.

'सिंघाला' म्हणजे आपला शिंगाळा. 'शृंग' या शब्दाचे 'शिंग' झाले. मनूची नाव ज्याच्या शिंगाला बांधली तो शृंगी मत्स्य आम्ही कथेत आळवीत होतो, आणि त्याच शब्दाचा वंशज आमच्या दाराशी नदीत पोहत होता!

तिसरे साधन गॅझेटिअरचे. १८८५ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्याचा खंड तीन भागांत निघाला. त्याची सुधारलेली आवृत्ती १९५४ साली आली. बारामती, इंदापूर, नरसिंहपूर, पळसदेव यांच्या नोंदी, नद्यांची वर्णने, भोई व कोळी या समाजांची माहिती त्यात आहे. परक्या अंमलदाराच्या नजरेने लिहिलेला हा मजकूर चाळणीने चाळून घ्यावा लागतो. काही ठिकाणी तो माणसांविषयी तुच्छतेने बोलतो. तेवढे टाकावे, माहिती घ्यावी. आज हे खंड संगणकावर विनामूल्य वाचता येतात. घरातील नातवंडांस सांगितल्यास ती क्षणात काढून देतील.

याखेरीज मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. नाव, जाळे, उतार, डोह यांची शब्दसंपत्ती त्यांत विखुरलेली आहे. पुण्यास पेशवे दफ्तर आहे. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आणि सर्वांत गोड साधन म्हणजे जात्यावरच्या ओव्या. गी पॉटवॅन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. भीमा, नीरा, चंद्रभागा हे त्या ओव्यांतील माहेरचेच शब्द.

खुद्द गावांची नावेही दफ्तरच आहेत. इंदापूर तालुक्यात 'गंगावळण' नावाचे गाव आहे. जिथे नदी वळली, तिथे तिला गंगा म्हणून हाक मारणारी माणसे होती, हे त्या एका शब्दाने सांगून टाकिले. बारामती तालुक्यात सोनगावी सोनेश्वरापाशी कऱ्हा नीरेस मिळते आणि ती नीरा आमच्या नरसिंहपुरी भीमेस. देवळे संगमावर आहेत. आणि संगमावर मासळीही जमते. भक्त आणि भोई एकाच ठिकाणी का आले, याचे उत्तर नदीपाशी आहे.

नदीचा सागर झाला

आमच्या तारुण्यात या साऱ्या जगाचा एक प्रलय झाला. तो शब्द आम्ही निंदेने वापरीत नाही. ७ मार्च १९६६ रोजी यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते उजनी धरणाची पायाभरणी झाली आणि १९८० साली धरण पुरे झाले. एकूण साठा ११७ अब्ज घनफूट. त्यांतील सुमारे ६३ अब्ज घनफूट मृतसाठा. जलाशयास यशवंतसागर असे नाव मिळाले. सोलापूरकडची कोरडी जमीन भिजली, उसाचे मळे उभे राहिले, शहरांना पाणी मिळाले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे हात ज्यांनी पाहिले आहेत, ते या पाण्याला नावे ठेवणार नाहीत. त्याच वेळी इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा या तालुक्यांतील भीमेकाठची गावे उठली, मळईची काळी जमीन गेली, घाट बुडाले, देव नव्या गावठाणांत गेले.

भोयांचे काय झाले? वाहत्या नदीचे त्यांचे ज्ञान एका रात्रीत जुने झाले. ताग-अंबाडीचे सूत वळून केलेली जाळी आणि भोपळ्यांची सांगड यांवर डोह राखणारा मनुष्य आता क्षितिजापर्यंत पसरलेल्या पाण्यापुढे उभा राहिला. पण तो खचला नाही. तंगूसाची जाळी आली, नव्या होड्या आल्या. मृतसाठा मोठा असल्यामुळे उन्हाळ्यातही जलाशय पुरता आटत नाही आणि मासळीचे बीज टिकते. कटला, रोहू, मृगळ ही मुळात गंगेच्या खोऱ्यातील मासळी येथे सोडली गेली व वाढली. भिगवण आणि इंदापूर येथे मासळीचे मोठे बाजार उभे राहिले. पहाटे होड्या काठाला लागतात, टोपल्या उतरतात, लिलावाची बोली चालते, आणि सूर्य वर येईतो मासळी पुण्या-मुंबईच्या वाटेला लागलेली असते. हजारो चुली या पाण्यावर पेटल्या. हिवाळ्यात कुंभारगाव-डिकसळच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेव्हा मासेमारांचीच मुले पाहुण्यांना होडीतून ते दाखवितात. गंमत अशी, की मराठीत 'रोहित' हा पक्षी आणि संस्कृतात 'रोहित' हा मासा. दोघेही आज एकाच पाण्यात नांदतात.

मोठे मासे, लहान मासे

परंतु मनूच्या ओंजळीतील त्या इवल्या मत्स्याने केलेली तक्रार आज पुन्हा ऐकू येते. आमचे मासेमार स्नेही जे सांगतात ते असे. जाळ्यात आता चिलापीच फार. आफ्रिकेतील हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला; तो झपाट्याने वाढतो आणि इतरांची जागा घेतो. शोभेच्या टाक्यांतून सुटलेला, कोणी खात नाही असा सकर मासाही जाळी फाडतो. पुणे परिसराचे सांडपाणी मुळा-मुठेवाटे भीमेत येते आणि जलाशयात साठते. पाण्याला हिरवी साय धरते. आणि सर्वांत वाईट म्हणजे 'वडाप', 'पंड्या' अशा बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लेच उपसली जातात. बोटाएवढा जीव, ज्याचा पुढल्या वर्षी किलो-दोन किलोंचा मासा झाला असता, तो टोपल्यांनी विकला जातो. हे करणाऱ्यांत बाहेरचे आहेत आणि घरचेही आहेत, हे ते प्रांजळपणे कबूल करतात. "पोटापुढं नियम टिकत न्हाई, बुवा," असे एक जण म्हणाला, आणि दुसरा लगेच म्हणाला, "पन नियम न्हाई टिकला तर पोटबी टिकत न्हाई." दोन्ही वाक्ये खरी आहेत.

साइक्साच्या यादीतील 'नुक्ता' आज जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या नोंदीत संकटग्रस्त म्हणून गणला आहे. त्याचे वसतिस्थान कृष्णा-भीमेच्या खोऱ्याबाहेर नाही. येथे तो संपला, तर जगातून संपला. त्याचे मराठी नाव तेवढे लॅटिन ग्रंथात उरेल आणि ते नाव कोणाचे, हे सांगणारा कोणी नसेल.

आपल्या पूर्वजांनी यावर काही उपाय योजिले होते काय? होय. देहूस इंद्रायणीच्या डोहातील मासे देवाचे मानून त्यांना अभय दिलेले आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातही देवीचे मासे कोणी धरीत नाही. ज्या डोहाला देवाचे नाव दिले, तेथे बीज राखले गेले. आणि पाहा, आषाढी एकादशीस चातुर्मास लागतो. अनेक घरांत तेव्हापासून, निदान श्रावणात, मासळी वर्ज्य होते. माशांच्या विणीचा हंगामही हाच. मृगाचे पाणी आले की मासा प्रवाहाच्या उलट चढतो आणि पावसाळ्यात अंडी घालतो. हा योगायोग की योजना, याचा निवाडा आम्ही करीत नाही. पण व्रताचे फळ नदीलाही मिळत होते, एवढे निश्चित. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंग आणि विष घालून मासे मारण्यास बंदी केली. त्याच्या कितीतरी आधी, विणीच्या काळी जाळे आवरावे हा धडा व्रतांनी घालून दिला होता. न खाणाऱ्याने व्रत पाळणे सोपे. जो मासळीवरच जगतो, त्याला त्या दोन महिन्यांत आधार मिळावा, ही जबाबदारी मात्र समाजाची व शासनाची आहे.

राहिलेली नावे

आता त्या म्हाताऱ्याकडे वळू. २०२० साली महामारीने देवळांची दारे बंद झाली, सप्ताह थांबले, वारीही एसटीने झाली. आम्ही घरी बसून होतो. वही कपाटात होती. 'रोग सरला की जाऊ' असे मनाशी म्हणत राहिलो. २०२१ साली म्हातारा गेल्याची वार्ता आली.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी पुन्हा खोल उतरली. पळसनाथाचे देऊळ पुन्हा उघडे पडले. आम्ही गेलो. या वेळी वल्हे म्हाताऱ्याच्या नातवाच्या हाती होते. तरणाबांड, सरळ, आजोबांसारखाच हसणारा. आम्ही वही उघडून अकरा नावे वाचली. त्यांतील चार त्याने ऐकली होती. सात त्याला आमच्याकडून कळली. "आज्जा अजून लई सांगायचा," तो म्हणाला, "पर तवा ध्यान दिलं न्हाई." आम्ही त्याला काय दोष देणार? त्याचे तरी वय पोराचे होते. आम्ही तर पंडित म्हणवितो. लेखणी आमच्या हाती होती. आणि एक वर्ष थांबलो ते आम्ही. पोथीचे एक पान हरवले तर प्रायश्चित्त घेणारे आम्ही, जिवंत पोथी डोळ्यांदेखत मिटली तरी स्वस्थ बसलो.

त्याच वर्षी, २१ मे रोजी, कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळात प्रवासी नाव उलटून सहा जणांना जलसमाधी मिळाली. तेव्हा आमच्या मनात आले, की डोह, उतार, वाऱ्याची चाहूल, आभाळाचा रंग यांविषयीच्या जुन्या माणसांच्या बोलण्याला केवळ हौसेचा इतिहास समजणे ही मोठीच चूक आहे. त्या बोलण्यात माणसे वाचविण्याचे शहाणपणही साठलेले असते.

भाविकांस विनंती

म्हणून या एकादशीच्या निमित्ताने आमची बारामती-इंदापूरकडील आणि भीमा-नीरेच्या काठच्या सर्व घरांस हात जोडून विनंती आहे. माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, जुन्या पेटीत काही कागद असतील. देवस्थानच्या वह्या, घाटाच्या दुरुस्तीचे हिशेब, नावेच्या मक्त्याचे कागद, धरणात गेलेल्या जमिनीच्या नोटिसा, जुन्या गावाचा एखादा नकाशा वा छायाचित्र. वाळवीला देण्याआधी ते एकदा उघडावेत. वाचता न आले तर जाणत्यास दाखवावेत, त्यांची प्रत करून ठेवावी. मत्स्यसंस्थांच्या जुन्या नोंदवह्यांत कोणत्या वर्षी कोणता मासा किती निघाला हे लिहिलेले असते. तो नदीचा जन्मपत्रिकेइतका मोलाचा लेख आहे. रद्दीत घालू नये.

आणि ज्यांच्याकडे कागद नाहीत, पण घरात आजोबा-आजी आहेत, त्यांनी आजच्या दिवशी फराळ झाल्यावर त्यांच्यापाशी बसावे आणि एवढेच विचारावे: 'तुमच्या लहानपणी नदी कशी होती? कोणत्या डोहाला काय म्हणत? कोणता मासा दिसे, कोणता आता दिसत नाही?' नातवाने मोबाईलवर त्यांचा आवाज टिपावा, मुलीने वहीत नावे लिहावीत. भोयाच्या, कोळ्याच्या वस्तीवर शिक्षकांनी मुलांना घेऊन जावे. 'पुढल्या वर्षी' हे शब्द मात्र कोणी उच्चारू नयेत; त्यांची किंमत आम्ही मोजली आहे.

त्या उन्हाळ्यापासून आम्ही मत्स्यावताराचे आख्यान लावताना एक बदल केला आहे. मनू माशाला घागरीतून तळ्यात नेतो, त्या ठिकाणी आम्ही थांबतो आणि सांगतो, की मनूने आधी तळ्याचे पाणी थोडेथोडे घागरीत घातले. हे कोणत्याही पुराणात नाही. हा अर्थ आम्हांस पळसदेवच्या एका भोयाने सांगितला, हेही आम्ही प्रत्येक वेळी बोलून दाखवितो. श्रोत्यांत कोणी मासेमार असला तर तो मान हलवितो.

यंदा सराटीस पादुकांचे स्नान होईल, तेव्हा पाण्यात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या त्या माणसालाही वाचकांनी एक नमस्कार करावा, आणि जमल्यास त्याला विचारावे, 'दादा, या डोहाचे नाव काय?' भीमामाई आणि नीरामाई सर्वांचे कल्याण करोत. रामकृष्णहरी.